लेण्याद्री पायी चढण्याची तयारी

५ जानेवारी २००४
लिहायला उशीर झाला, माफी. एक तारखेपासूनच लिहायचे होते, पण चष्म्याची काडी मोडली. आजपासून नियम पक्का. पहाटे चालायचे आणि माघी चतुर्थीला लेण्याद्री स्वतःच्या पायांनी चढायची. मुलाने, चांगदेवने, मला अट घातली आहे: "नाना चढले तर गावात राहतील, नाहीतर भोसरीला माझ्या फ्लॅटवर." तिथे अंगण नाही, ओळखीचे माणूस नाही. नुसत्या विचाराने धाप लागते.

६ जानेवारी
थंडी फार. थंडीत शिरा आखडतात म्हणे. व्यायाम गोधडीतच केला. पायाची बोटे हलवली. घाम आला.

८ जानेवारी
निघालो. वाटेत कुत्री असतात म्हणून घरच्यांना, म्हणजे कुशाबाईला, सोबत घेतले. जाताना चाललो. येताना जानकू उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याला निघाला होता, त्याच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो. अंग इतके हादरले की चालण्यापेक्षा जास्त व्यायाम झाला. कुशाबाई बसली नाही. लाजते. चालत आली.

१२ जानेवारी
आज ट्रॉलीतला ऊस ओढून खाल्ला. जबडा मजबूत होतो. डॉक्टरांनी शुगरमुळे साखर बंद केली आहे, पण ऊस म्हणजे अजून साखर झालेली नसते. कुशाबाई म्हणाली, "तुमी व्यायाम करताय, का जानकूचं डिझेल जाळताय?" तिला सायन्स कळत नाही.

१९ जानेवारी
कुशाबाई आता भराभर चालते. गुडघे दुखायचे थांबले म्हणते. माझ्या मार्गदर्शनाचा गुण. मी मुद्दाम मागे राहतो, तिला हुरूप यावा म्हणून. घराची पायरी चढून पाहिली. जमली. डोंगर म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा. तयारी पूर्ण.

२५ जानेवारी, संध्याकाळी
पायथ्याशी चांगदेवला म्हणालो, आईला घेऊन पुढे हो, मी वॉर्मअप करून येतो. ते दिसेनासे झाल्यावर डोली केली. यात लबाडी नाही, नियोजन आहे. शेवटच्या वळणाला उतरून पुढे ताठ मानेने चालत जायचे. डोलीवाले हो हो म्हणाले. वळण आले, उतरवा म्हणालो, तर पुढचा म्हणाला, "बाबा, म्हाताऱ्या माणसाला मधीच सोडून पाप कुठं घेऊ? देवाच्या दारातच ठेवतो." आणि ठेवले. नेमके चांगदेवच्या पुढ्यात. कुशाबाई दर्शन करून निवांत खोबरे खात होती. म्हणाली, "लई दमला असाल. बसा जरा." डोलीवालेही हसले.

२ फेब्रुवारी, भोसरी
मी माझ्या मर्जीने आलो आहे. चांगदेवचे म्हणणे, आई ठणठणीत आहे, ती गावी राहून गाय सांभाळील, नानांना मात्र रोज चालवले पाहिजे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सूनबाई अंजना दुधाला खाली पाठवते. वर आलो की कोथिंबीर आठवते. कोथिंबीर आणली की कढीपत्ता. पोरगी विसरभोळी नाही, हे आता ध्यानात येते आहे. मी प्रत्येक मजल्यावर थांबून दारावरच्या पाट्या वाचतो. सगळी बिल्डिंग पाठ झाली.

शेजारच्या फोनवरून कुशाबाई बोलते. आवाज फार खुशीत असतो.

कुशाबाई, गाय माझ्यावाचून चारा खात नाही, असा निरोप चांगदेवला लवकर धाड. खात असली तरी धाड.