नटावरची लाल रेघ

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय व्हॅलेरियन,

सप्रेम जय भीम. यावर तू कोलशेतच्या कारखान्याच्या गेटात, अख्ख्या पहिल्या पाळीला ऐकू जाईल असं ‘जय येझदी!’ ओरडायचास. आता तू नुसतं ‘बरा आहेस ना?’ विचारतोस. तर, मी बरा आहे. शकूचे गुडघे थंडीत कुरकुरतात, आमच्या सम्यकला ऑफिसने पुन्हा पुण्याला धाडलंय, आणि आमच्या इमारतीची लिफ्ट चौदा दिवस बंद आहे. तुझी शुगर कशी आहे? तुझा मेलरॉय सांगत होता, गोळ्या घेतोस पण चहात दोन चमचे टाकतोस.

फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. त्याचं कारण पुढे येईल. हे पत्र बियांकाच्या हाती देतोय. तुझी नात रविवारी आमच्याकडे आली होती, हे तिने तुला सांगितलं नसणार.

आली ती बॅटरीवरच्या स्कूटरवरून. गॅलरीत बसलो होतो तरी मला आवाजच आला नाही. आपल्या वेळी गल्लीच्या तोंडाशी कोण वळलं ते कानाला कळायचं, आठवतं? शाळेत मराठीच्या बाई आमच्याकडून कविता चालीवर म्हणून घ्यायच्या आणि बाकावर बोटाने मात्रा मोजायला लावायच्या. ती खोड मला जन्माची लागली. म्हणून मला गाड्या नेहमी कवितेसारख्या ऐकू आल्या. बुलेट म्हणजे सावकाश, प्रत्येक शब्दावर थांबत म्हटलेली ओवी. तुझी येझदी म्हणजे धावती, खट्याळ, मधेच शीळ घालणारी. राजदूतवाले बिचारे गद्यात बोलायचे.

बियांकाला मी विचारलं, ‘तुझी गाडी कोणती गं?’

‘आत्ता ही. आधी पल्सर होती, त्याच्याआधी बाबांची ॲक्टिव्हा. चार वर्षांत तीन झाल्या, अंकल.’

‘मग तू कुणाची? म्हणजे बुलेटवाली, येझदीवाली, तसं?’

ती हसतच सुटली. ‘मी कुणाची कशाला असू? गाडी माझी आहे ना!’

आपण मात्र गाडीचेच होतो रे. कारखान्याच्या शेडमध्ये बुलेटची रांग वेगळी, येझदीची वेगळी. डबासुद्धा त्याच हिशोबाने उघडायचा. मी सगळ्यांसमोर ठेक्यात म्हणायचो:

बुलेट माझी गजराजापरि डुलत चालते वाट

आणि तू तोंडातला घास सांभाळत उत्तर द्यायचास:

येझदी म्हणते, हत्तीदादा, सरका, चढु द्या घाट!

मग शंभर सीसीवाले आले. ‘एका लिटरमध्ये कल्याणला जाऊन परत’ असं म्हणत आले, आणि आपण त्यांना शिलाई मशीनवाले म्हणून हसलो. पाच-सात वर्षांत शेड त्यांचीच झाली. आता तर पोरं सायलेन्सर बदलून बुलेटचे नुसते फटाके फोडतात. परवा खाडीपुलाकडे चालत जाताना एकाला मी सिग्नलला म्हटलं, ‘अरे, तिला बोलू दे, ओरडायला लावू नकोस.’ तो म्हणाला, ‘काका, रील बनतंय, बाजूला व्हा ना.’

बघ, मी पुन्हा भलतीकडे वळलो. शकू मघाशी डोकावून गेली. ‘मुद्द्यावर आलात का?’ म्हणाली.

येतो.

बियांका आली होती रडवेली होऊन. तुमचं घर पाडून तिथे टॉवर होणार हे मला माहीत होतं. पण मागच्या शेडमधली येझदी तू शनिवारी भंगारवाल्याला देणार आहेस, हे माहीत नव्हतं. पोरीची इच्छा आहे ती चालू करायची. तिने यूट्यूबवर सगळं बघून ठेवलंय, सुटे भाग कुठे मिळतात त्याची यादी काढलीय. तुला विचारायला आली तर तू म्हणे ताडपत्रीचा कोपरासुद्धा उचलू दिला नाहीस. म्हणालास, ‘त्या गाडीला मी हात लावला का कुनाचा तरी हाड मोडतं. जाव दे तिला.’

मला म्हणाली, ‘अंकल, तुम्ही ग्रँपाचे बेस्ट फ्रेंड. तुमचं ऐकतील. असं काय झालेलं त्या गाडीवर?’

मी तिला चहा दे म्हणून शकूला हाक मारली.

व्हॅलेरियन, जे झालं ते तुला ठाऊक आहे असं तू समजतोस. तेहेतीस वर्षं समजतोयस. आता मी लिहितो ते बसून वाच. एकटा असताना वाच.

सव्वीस जानेवारी, १९९२. सुट्टी नेमकी रविवारी आली म्हणून सगळा कारखाना चिडलेला. झेंडावंदन करून आपण चौघं गायमुखला गेलो. तुझ्या लुर्दसने पहाटे उठून माशांची चिंचोणी, चिंचेचं आंबट कालवण, डब्यात भरली होती, शकूच्या भाकऱ्या होत्या. जेवणं झाल्यावर खाडीकाठी तू मला डिवचलंस. ‘बुलेटवाल्याला येझदी झेपंल काय? पोरीची जात आहे ती, हत्तीच्या माहुताला नाय ऐकायची.’ मी किल्ली मागितली. तू म्हणालास, ‘घे, पन खरचटवलीस तर मना तोंड नको दाखवू.’ शकू तुझ्यामागे बुलेटवर बसली. लुर्दस येझदीवरून उतरेना. ‘बुलेट मना हलवून हलवून दही करंल,’ म्हणाली, ‘आनि डबे हिलाच बांधलेत.’

तेव्हा ती माझ्यामागे बसली.

तू पुढे होतास, वळणाआड गेलास. माझ्यासमोर डावीकडच्या उतारावरून म्हशी रस्त्यावर आल्या. दहाबारा असतील, घाईत नसलेल्या. मी ब्रेक दाबला.

तुला हे सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय सुटका नाही. माझ्या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. तुझ्या येझदीला उलटं. मला ते माहीत होतं. निघताना मी दोनदा मनाशी घोकलंही होतं. पण म्हशी दिसल्या आणि घोकलेलं सगळं गेलं. अकरा वर्षं बुलेटवर घडलेला माझा डावा पाय आपणहून खाली गेला, सगळा जोर लावून. त्याच्याखाली ब्रेक नव्हता, गिअर होता. गिअर सुटला, इंजिन किंचाळलं आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटली. उजवा पाय? तो जागचा हललाच नाही. मी हँडल खडीकडे वळवलं. पुढचं तू पाहिलंस, कारण आवाज ऐकून तू परत फिरलास. लुर्दस दगडात पडली होती आणि तिचा गुडघा भलत्याच दिशेला होता.

टेम्पोवाल्याने तुम्हा तिघांना ठाण्याला दवाखान्यात नेलं. मी दोन्ही गाड्यांपाशी राहिलो. ती अर्धी घटका मी कुणालाच सांगितलेली नाही.

येझदी मी उभी केली. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला होता, टाकीला पोचा होता, मागचं चाक मात्र सरळ होतं. मी तिला ढकलली आणि हाताने ब्रेकचं पेडल दाबलं. उजवीकडचं. चाक जागच्या जागी थांबलं. मग मी खाली वाकून ब्रेकच्या दांड्याकडे बघितलं. तुझी सवय मला माहीत होती. कुठलाही नट आवळलास की लुर्दसच्या नेलपॉलिशने त्याच्यावरून दांड्यापर्यंत एक बारीक लाल रेघ ओढायचास. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून. सगळ्या ठाण्याच्या येझद्या तुझ्याकडे यायच्या त्या त्या रेघेच्या भरवशावर. लुर्दस ओरडायची, ‘माझ्या नखांना उरत नाय आनि हे नटांना लावतंय!’

रेघ अखंड होती. आदल्या संध्याकाळी तू ओढलीस तशी, ताजी, चकचकीत.

हे बघून मी दवाखान्यात आलो. तू व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होतास. माझे खांदे धरलेस आणि विचारलंस, ‘कुंडलिक, खरा सांग. काल ब्रेक मीच आवळला. त्यो ढिला राहिला ना?’

मी मान हलवली. हो म्हणून.

उद्या सांगू असं वाटलं होतं. उद्या लुर्दसचं ऑपरेशन होतं. परवा तू येझदी टेम्पोतून आणून शेडमध्ये लोटलीस आणि न बघताच वर ताडपत्री टाकलीस. एकदा खाली वाकला असतास तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. मी शेडच्या दारात उभा होतो आणि मनात म्हणत होतो, वाकू नकोस.

त्यानंतर तू पाना हातात धरला नाहीस. लोक गाड्या घेऊन यायचे, तू म्हणायचास, ‘हात गेलाय माझा.’ सायकलची चेन उतरली तरी दुकानात न्यायचास. येझदीवाला व्हॅलेरियन मी त्या व्हरांड्यात संपवला, आणि मग त्याच्याच घरी दर नाताळला केक खायला आलो. लुर्दस लंगडत यायची आणि उंबऱ्यात मला म्हणायची, ‘डावा पाय सांभाळ रे, कुंडलिक, पायरी उंच आहे.’ दर वर्षी तेच. मागे बसलेल्या माणसाला पुढच्याचा पाय दिसतो. तिला दिसला होता का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आणि माझी बुलेट. तुला आठवतंय, ठाण्याच्या त्या तरुण बुलेटवाल्यांनी माझा सत्कार केला होता? तीस वर्षं एकच गाडी, म्हणून. शाल, ट्रॉफी, पाठीमागे माझा मोठा फोटो. मला भाषण करायला लावलं, मी कविता म्हटली. निष्ठा म्हणजे काय ते पोरांनी काकांकडून शिकावं असं कोणीतरी बोललं. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतास.

निष्ठा कसली, व्हॅलेरियन? भीती होती. दुसऱ्या कुठल्याही गाडीवर बसलो की माझा डावा पाय काय करेल याची भीती. पुढे बुलेटलाही गिअर डावीकडे आले. सम्यकने हौसेने नवी दाखवायला नेलं, सेल्फ स्टार्ट, डिस्क ब्रेक. मी तिच्यावर बसलोसुद्धा नाही. म्हणालो, ‘जुनी ती जुनी.’ पोरगा कौतुकाने हसला. लोक ज्याला प्रेम समजले ते लपण्याचं ठिकाण होतं. प्रेमही होतं, ते नाही म्हणत नाही. पहाटे गार इंजिनची पहिली किक, तो खोल खर्ज, अजून झोपेत ऐकू येतो. पण त्या खर्जाखाली कायम ही एक किंकाळी होती.

ऑक्टोबरात लुर्दसला पोचवून आपण कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत आलो. तू माझ्या दंडाला धरून चालत होतास. म्हणालास, ‘तिचा पाय मी मोडला, कुंडलिक. ती कवा बोलली नाय. तेवढा एक माफ करून घ्यायचा राहिला.’

तेव्हाही मी नुसता तुझा हात थोपटला.

रविवारी बियांका गेल्यावर मला पहिला विचार काय आला सांगू? शनिवारी गाडी भंगारात गेली की मी सुटलो. एकच साक्षीदार उरलाय आणि तो तूच आपल्या हाताने वितळवायला देतोयस. हा विचार आला आणि मला माझीच शिसारी आली. त्याच संध्याकाळी शकूला सगळं सांगितलं. तिने निवडायचं तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, ‘आणि तिच्या हातचं जेवत होता तुम्ही.’ मी म्हटलं, आत्ता फोन लावतो. ‘फोन नको. फोनवर तुम्ही कविता म्हणाल आणि पळाल. कागदावर लिहा.’ म्हणून हा कागद. दोन दिवस लागले.

आता एक कर. माझ्यासाठी नाही. शेडमध्ये जा, बियांकाला बॅटरी धरायला सांग. ताडपत्री काढ आणि मागच्या चाकापाशी वाक. ब्रेकच्या दांड्याच्या टोकाला तुझा नट आहे. गंज असेल, कोळ्यांची जाळी असेल. फडक्याने हळू पुसून घे, जोरात घासू नकोस. तिथे लुर्दसची लाल रेघ असेल. ती तुटलेली नाही, व्हॅलेरियन. तुझा हात गेला नव्हता. तिचा पाय तू मोडला नाहीस. मी मोडला. तिच्याकडे माफी मागायची राहिलीय ती माझी.

मग गाडीचं काय करायचं ते तू ठरव. पण पोरीच्या हातात पाना द्यायचा तर तो तुझ्या हातातून जावा, एवढं मला वाटतं. आणि ती पहिल्यांदा बसेल तेव्हा तिला आधी पाय दाखव. कुठल्या पायाखाली काय आहे ते तिला उभ्या गाडीवर दहादा करायला लाव.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी कोलशेतला येतोय. स्टेशनवरून रिक्षाने येईन, गाडी चालवणं मी मागच्या वर्षीच सोडलं, तेही तुला सांगितलं नव्हतं. घरात बोलाव असं म्हणत नाही. तुमच्या फाटकाची कडी आतून घातलेली दिसली की मी समजेन आणि हाक न मारता परत फिरेन. कडी उघडी असली तर आत येईन आणि तू जे बोलशील ते उभ्याने ऐकेन.

पायरी उंच आहे. डावा पाय सांभाळून टाकीन.

तेहेतीस वर्षं ज्याला तू मित्र म्हणालास तो,
कुंडलिक