बहरूझच्या छताची झाडं

९ ऑक्टोबर
यंदाचा हिवाळा स्वस्तात काढायचा, ठरलं. कोळसा, वीज, गोवऱ्या, सगळ्याचा शांतपणे विचार करणार. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, एवढं नक्की जमेल.
शेजारची शराफत मला अपा म्हणते, म्हणजे थोरली बहीण. कुंपणावरून म्हणाली, अपा, विचार कसला करता? अंगणात पॉप्लरची एवढी झाडं उभी आहेत, पाडा आणि जाळा.
तिला स्पष्ट सांगितलं, ती माझ्या मुलाच्या, बहरूझच्या घराची लाकडं आहेत. तो जन्मला त्या आठवड्यात त्याच्या वडिलांनी लावली, छताला तुळया व्हाव्यात म्हणून.
म्हणाली, हे मला शिकवता? माझ्या पोरांच्या तुळयांखाली नातवंडं रांगायला लागली.
बोलणं फार लागट आहे तिचं. बहरूझ वसंतात रशियाहून येणारच आहे. मागचे काही वसंत कामामुळे हुकले, एवढंच.

२ नोव्हेंबर
कोळसा रद्द. भाव ऐकून हसूच आलं. शिवाय काजळी धरते. भिंतींना नुकताच चुना दिला आहे, सुनेला काळ्या भिंती कशा दाखवणार? सून अजून ठरायची आहे.
गोवऱ्यांचाही विचार केला. त्यासाठी गाय लागते.

१६ नोव्हेंबर
हीटर आणला. खोली सुरेख तापली. प्रश्न सुटला.

१७ नोव्हेंबर
आजपासून गावाला वीज फक्त सकाळ-संध्याकाळ, तीही नावापुरती. हीटरवर लोकरीचा रुमाल अंथरला. शोभतो.

३ डिसेंबर
जुनं ते सोनं! संदली मांडली. बुटक्या टेबलाखाली निखारे, वर मोठी रजई, चारी बाजूंनी पाय आत घालून बसायचं. लहानपणी आम्ही भावंडं पायांनी भांडायचो.
आता माझी बाजू ऊबदार आहे. उरलेल्या तिन्हींकडून वारा शिरतो. तिथे उशा लावून पाहिल्या. उशांना स्वतःची ऊब नसते.

२१ डिसेंबर
बहरूझचा व्हिडिओ कॉल. विचारलं त्याने, आई, घरात टोपी कशाला? म्हटलं, सध्या फॅशन आहे.
खोकला आला, तो हसण्यावारी नेला. झाडं किती उंच झाली ते सांगितलं. त्याने उठून मागची खिडकी उघडली. मग म्हणाला, आई, जाळ ती. मी इकडे फ्लॅट घेतलाय, हप्त्यांवर. नवव्या मजल्यावर. इतका गरम की खिडकी उघडावी लागते.
नवव्या मजल्यावर छत कसलं? ती तर दहाव्या मजल्यावरच्यांची जमीन. पोराला कोणीतरी फसवलं असणार. विकून येईल. हुशार आहे.

८ जानेवारी
खोकला जात नाही. शराफतचा नवरा लतीफ कुऱ्हाड घेऊन आला. एकच झाड पाडायचं, नमुन्यादाखल, असं मी बजावलं.
पडलं तर आतून पोकळ. लतीफ म्हणाला, अपा, तुळयांची झाडं पोराच्या लग्नाच्या वयात पाडायची असतात. ती थांबत नाहीत.
एवढ्या एका झाडावरून काय ठरतं!

९ जानेवारी
नमुना पेटवला. ओलं लाकूड. दिवसभर चुलीत रडल्यासारखं चरचरलं. ऊब नाही. धुराने माझेही डोळे वाहिले. धुरानेच.

१५ जानेवारी
शराफत सूप घेऊन आली आणि रागवली. म्हणाली, झाडं पोरासाठी राखता, आणि पोराला आई नको का राखायला?
मी सुपात दुसऱ्यांदा मीठ घातलं. थंडीने बुद्धी मंदावते.
लतीफशी व्यवहार ठरला. ओले पॉप्लर त्याला, बदल्यात जर्दाळूचं सुकं लाकूड मला. सगळे पॉप्लर. फायदा माझाच आहे.

२० जानेवारी
झालं.
दिवसभर रेडिओ मोठ्याने लावला होता.

४ फेब्रुवारी
खोली मस्त ऊबदार. खोकला गेला. जर्दाळू सावकाश जळतं, पैसे वाचतात, एकूण योजना यशस्वी.
एक फायदा तर मी विचारात धरलाच नव्हता. झाडं गेल्यामुळे खिडकीतून थेट बसथांब्यापर्यंत दिसतं. कोणी आलं तर आधीच कळेल, चहा टाकता येईल.
आज बस आली. लतीफ उतरला, पिठाचं पोतं घेऊन. मागून कोणी उतरतंय का, ते दार बंद होईपर्यंत पाहिलं.