उलट्या पडलेल्या फुल्या

लुका,
शुक्रवार, १९ सप्टेंबर २००३

मेलानियाताईस,

युस्तिनाचा नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालते. आम्हीही बरे आहोत. बटाटे काढून झाले, बीट अजून जमिनीत आहे. पोर्तुगालहून पोरांच्या बापाची, पानासची खुशाली येत असते, तिकडे बांधकामाचा जोर आहे म्हणे. आज शुक्रवार, सुईला हात लावायचा नाही, म्हणून चार वर्षांनी तुला लिहायला बसले आहे.

माझ्या झोर्यानाचं लग्न नऊ नोव्हेंबरला आहे, हे तुला ठाऊक असणारच. माझ्याकडून कळलेलं नसताना तुला ते कसं ठाऊक, तिथूनच सुरुवात करते.

तिच्या लग्नाचा रुश्निक, चर्चमध्ये नवरानवरीच्या पायाखाली अंथरायचा तो, मी ईस्टरनंतर भरायला घेतला होता. आईच्या पेटीतलं अखंड कापड, सव्वादोन मीटर, कुठे जोड नाही. एक टोक जुलैत पुरं झालं. ऑगस्टमध्ये एका सकाळी दुसरं टोक खिडकीशी धरलं, तर मधल्या चार ओळी वेगळ्याच दिसल्या. धागा तोच, लाल तोच, पण उजेड त्यांच्यावर निराळा पडत होता. चष्मा पुसून पाहिलं. फुलीचा वरचा टाका माझा नेहमी उजवीकडे चढतो. या चार ओळींत तो डावीकडे चढत होता.

आपल्या घरात अशी फुली एकच बाई घालते. ते मोडावं म्हणून आईनं तुझ्या डाव्या हातावर लाकडी चमचे झिजवले, पण तुझा हात काही सुधारला नाही.

तरी मी लगेच कुणावर आळ घेतला नाही. आधी हाफियावर संशय घेतला, शेजारीण आहे, तिचं नाक सगळीकडे असतं. पण हाफियाला बटणसुद्धा धड लावता येत नाही. मग मी एक काम केलं. जिथे थांबले तिथे पांढऱ्या दोऱ्याचा बारीकसा टाका घालून ठेवला. गुरुवारी झोर्याना पोशाखाच्या मापाला शहरात गेली, शुक्रवारी पाहते तर पांढऱ्या दोऱ्याच्या पुढे बेचाळीस फुल्या. पुढच्या गुरुवारी एकसष्ट. आता मला सांग, कुठल्या नवरीचं माप दर आठवड्याला घ्यावं लागतं? शिवाय पोरगी घरी आली की तिच्या केसांना धुराचा आणि आलुबुखारांचा वास. धुरीवर आलुबुखार वाळवणाऱ्या बायका आपल्या भागात पुष्कळ आहेत, पण बसच्या वाटेवर तूच.

तिला मी काही विचारलं नाही. पोटात ठेवलं आणि जळत राहिले. तुला स्पष्टच सांगते, मला वाटलं तू सूड घेते आहेस. चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्याच्या लग्नात, लग्नाचा पाव मळताना, तू बाह्या सरसावून काथवटीशी बसलीस आणि मी सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "ताई, तू राहू दे, इथे सवाष्णींचेच हात लागतात." तू हात पुसलेस आणि नऊ किलोमीटर चालत घरी गेलीस. ते तू विसरली असशील असं मला कधीच वाटलं नाही. म्हणून वाटलं, पावाला हात लावू दिला नाही, तर आता ही पोरीच्या नशिबालाच हात लावते आहे. रुश्निकामागे गाठ राहिली की संसारात गाठ पडते म्हणतात, म्हणून तो उलटा करून गाठी शोधल्या. म्हटलं, एक जरी गाठ सापडली तरी तुझ्या दारात येऊन भांडेन. तुझ्या ओळींमागे एक गाठ नव्हती. माझ्या भागात दोन सापडल्या.

त्या दिवशी तो रुश्निक मी घडी घालून पेटीत टाकला आणि कुणाला न सांगता नवा भरायला घेतला. बाजारातलं कापड, नक्षी तीच. परसातल्या खोलीत दार लावून भरायचे. स्वतःच्या घरात चोरासारखी.

रविवारी झोर्यानानं मला पकडलं. नवा पाहिला, जुना कुठे आहे विचारलं, आणि मी सगळं बाहेर काढलं. पांढरा दोरा, बेचाळीस, एकसष्ट, केसांचा वास. मला वाटलं रडेल, माफी मागेल. ती स्टुलावर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "लग्नाचा रुश्निक सुखी संसार केलेल्या बाईच्या हातचा असावा, असं तूच सांगतेस ना? मग मी तो कुठे न्यायचा होता?"

"विधवेकडे?" मी म्हटलं.

"मावशीचा नवरा मेला, आई. पण मरेपर्यंत तिचाच होता."

ताई, तिला सगळं माहीत आहे. जुलैत बापाला लग्नाला बोलवायचं म्हणून तिनं पोर्तुगालला फोन लावला होता. एका बाईनं उचलला. आपल्याच बोलीत बोलली, चेर्निव्हत्सीकडची असावी, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून लाडानं हाक मारली, "पानासिक, तुला आहे." तो फोनवर आला आणि "बघू" म्हणाला. पोरगी दोन महिने हे मनात ठेवून माझ्यासमोर जेवत होती, आणि मी तिला रोज सांगत होते की बाबांची रजा मंजूर होणार आहे.

वर जे खुशालीचं लिहिलं ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. दोन वर्षांत त्याचं पत्र नाही. त्या बाईचं मला गेल्या वर्षीच्या ईस्टरपासून माहीत आहे. सांगणार कुणाला? हाफियाला सांगितलं तर रात्रीपर्यंत चर्चमध्ये. आणि जिला सांगावं तिला मीच उठवून दिलं होतं. सगळ्यांसमोर सवाष्ण म्हणून मिरवले आणि पोरीचा रुश्निक भरत बसले. राग तुझा आला नव्हता, ताई. तुझ्या ओळी माझ्यापेक्षा सरळ होत्या, त्याचा आला होता.

संशय मात्र अजून गेलेला नाही, तो माझा स्वभावच आहे. झोर्यानानं तुला सगळं सांगितलं असेल, आणि तू माझ्यासाठी वाईट वाटून घेतलं असशील. ते करू नकोस. तुझी कीव मला सोसायची नाही. हसली असशील तर चालेल, तेवढा तुझा हक्क आहे.

सोमवारपासून काल संध्याकाळपर्यंत मी तो जुना रुश्निक उसवला. दोन हातांचं काम एका रुश्निकात नको, म्हणून माझ्या सगळ्या फुल्या काढल्या. पुरं झालेलं टोकसुद्धा. कापडाला कुठे कात्री लागू दिली नाही, सुईच्या टोकानं एकेक टाका उचलला, भोकं वाफेवर मिटवली. आता त्यावर फक्त तुझ्या ओळी आहेत, मोकळ्या कापडात पडलेल्या. धागा आणि कापड झोर्यानाबरोबर पाठवते आहे. सात आठवडे आहेत. होणार नसेल तर आत्ताच सांग, मागून नको. नवा मी अर्धाच सोडून दिला.

आणि एक. नवरानवरी चर्चमधून आले की दारात आईबाप दोघांनी पाव घेऊन उभं राहायचं असतं. पानास येणार नाही. गाव माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघेल. तिथे मला तू हवी आहेस. सगळ्यांसमोर, नवरानवरीच्या अगदी पुढ्यात, पाव तुझ्या हातात. कोण काय बोलतं ते मी बघेन. चार वर्षांपूर्वी बोलणारी मीच होते, आता मी बोलणार नाही.

आजवर प्रत्येक पत्राखाली माझं आणि पानासचं, दोघांची नावं लिहीत आले. याखाली एकच लिहिते.

तुझी धाकटी,
युस्तिना