ऑरिनच्या पिस्तुलाची खूण

४ मार्च, शनिवार

आजही नाही आला! सलग पाचवा शनिवार. गुडघाभर बर्फातही नेमबाजीच्या रेंजवर हजर असायचा हा माणूस, आणि आता ऊन पडलं तर गायब. जमिनीवरच्या, झाडलेल्या काडतुसांच्या सगळ्या पितळी पुंगळ्या चाळल्या. ऑरिनची एकही नाही. त्याच्या जुन्या पिस्तुलाची पिन पुंगळीच्या बुडातल्या टिकलीवर मधोमध बसत नाही, डावीकडे जरा ओरखडून जाते. हजारांत ओळखेन मी.

रेंज सांभाळणारा लाइल म्हणाला, "काय व्हर्ना, कोंबडीसारखं काय टिपतेस? कुणाला शोधतेस?" म्हटलं, पितळ शोधतेय. खोटं काय त्यात!

५ मार्च

गॅरेजमधल्या प्रेसला तेल दिलं. मेमधल्या सामन्यासाठी जुन्या पुंगळ्यांत दारू-गोळी भरून काडतुसं करायला हवीत, आणि डब्यात फक्त ऑरिनच्या पुंगळ्या उरल्यात. बाकीच्यांच्या मी आधी संपवल्या. मुद्दाम!

वांधा असा, की झाडल्यावर फुगलेली पुंगळी साच्यात दाबली की पुन्हा मापात येते, पण त्याच दाबात जुनी टिकली खाली गळून पडते. म्हणजे त्याची खूणही गेली. एक लावली, दांड्यावर हात ठेवला — नाही झालं. परत डब्यात टाकली. साठीची बाई मी, शाळेत दोनशे पोरांचं जेवण रांधते, आणि एका टिकलीसाठी डोळ्यांत पाणी!

८ मार्च

काही नाही. मक्याची भाकरी करपली.

११ मार्च, शनिवार

नाहीच. त्याचा फोन नंबर कधी मागितला नाही, आता घ्या! अकरा वर्षं शेजारशेजारच्या बाकांपाशी उभे राहिलो. बोलणं काय — "वारा आहे आज." "आहे की." मग निघताना बुटानं आपल्या पुंगळ्यांचा ढीग माझ्याकडे सारायचा. "घ्या. मला काय करायच्यात?" एवढ्यावर मी आठवडा काढायची. एकदा तरी म्हणायचं होतं, चला, कॉफी घेऊ. जीभ टाळ्याला चिकटायची.

शेवटी लाइललाच विचारलं, ऑरिन ट्वेट दिसत नाही हल्ली. "ट्वेट? त्याची गाडी महिनाभर दिसली नाही. तुला गं काय त्याचं?"

"काही नाही."

"मग कान कशाला लाल झालेत?"

मेला चोंबडा!

फार आठवण येते त्याची. लिहून टाकलं एकदाचं.

१५ मार्च

सामन्यातून नाव काढून घेतलं. पुंगळ्या नाहीत, असं कळवलं. डबा भरलेला आहे.

१८ मार्च, शनिवार

खूण! ताजी! तिसऱ्या बाकाखाली त्याची पुंगळी, अजून कोमट होती. केस सारखे केले — या वयात! — आणि वळले. एक चाळिशीची बाई त्याचं पिस्तूल पेटीत ठेवत होती. हनुवटी हुबेहूब त्याची. मार्गिट, त्याची मुलगी.

फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला त्याला. उजवा हात उचलत नाही. बोलणं हळूहळू परत येतंय.

"तुम्ही व्हर्ना ना?" तिनं विचारलं. "बाबांनी बजावून पाठवलंय. पुंगळ्या उचलायच्या नाहीत, त्या व्हर्नाच्या."

"त्यांना लागतच नाहीत ना," कसंबसं म्हणाले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "उद्या घरी या."

१९ मार्च

ॲपल पाय भाजून घेऊन गेले. मागच्या दारानं, गॅरेजमधून. तिथे प्रेस! माझ्या प्रेसहून मोठा, सगळ्या साच्यांसकट. आणि भिंतीला लागून कोऱ्या पुंगळ्यांची रिकामी खोकी, छतापर्यंत. मार्गिट म्हणाली, "बाबा तिशीपासून स्वतःच काडतुसं भरतात. आधी वापरलेलं पितळ घरी आणायचे. गेली अकरा वर्षं ते रेंजवरच सोडतात आणि दर महिन्याला नवं विकत घेतात."

गाडीत काहीतरी राहिलं असं सांगून बाहेर आलेय, ते हे लिहायला. आता आत जाते.