वळकटीला घेऊन शनिवारी येते

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय मुली,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी खुर्चीत बसले आणि मग ते फोडलं. मी बरी आहे. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तुझी आठवण काढतात. स्वयंपाकघरातला तो ठिबकणारा नळ एकदाचा बदलून घेतला.

कवळ्या बनवायच्या कामात तू आता कायम झालीस, स्वतःची खोली घेतलीस, घरमालकीण मांजर ठेवू देते, हे सगळं वाचून फार बरं वाटलं. तुझा प्रश्न एका ओळीचा आहे, 'वळकटीला नेऊ का?' उत्तरही एका ओळीचं आहे. ती मांजर तुझीच आहे. शनिवारी सकाळच्या बसने मीच तिला घेऊन येते. बाकीचं पत्र मात्र लांबेल, सांभाळून घे.

आधी तिच्या झोपेचं सांगते. तू गेलीस तेव्हा ती टोपलीत झोपायची, आता माझ्या अंथरुणात झोपते. हो, माझ्या. हस खुशाल. 'गादीवर एक जरी केस दिसला तर याद राखा' म्हणणारी मीच ती.

तू दोन बॅगा घेऊन गेलीस, त्यानंतर नऊ दिवस ती तुमच्या खोलीच्या बंद दाराशी बसून होती. वसतिगृहात मांजर चालत नाही, म्हणून तू तिला ठेवून गेलीस, हे तिला कोण समजावणार? महिन्याभरात माझ्या लेकाची बदली झाली आणि तोही गेला. घरात उरलो मी आणि ती. मला झोप म्हणून येईना. तासन्‌तास छताकडे बघत पडायचं, नाहीतर उठून डबे पुसायचे. एकदा जरा डोळा लागला आणि पोटरीला काहीतरी गरम लागलं म्हणून जाग आली. हाकलायला पाय उचलला, पण तिची घुरघुर आधीच सुरू झाली होती. म्हटलं, राहू दे आजचा दिवस.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. चादरीखाली माझा अंगठा हलला की उंदीर समजून झडप. पहाटे छातीवर उभी राहून ओरडायची, जणू माझ्या कामाची वेळ टळून चाललीय. बाहेर ठेवून दार लावलं तर तिने दार खरवडून काढलं. शेवटी तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "दिवसभर झोपू देता ना तिला? मग रात्री ती बिचारी करणार काय?"

त्यांनी सांगितलेलं आणि मी चुकतमाकत शिकलेलं, दोन्ही लिहून देते. झोपण्याआधी दोरीला चिंधी बांधून तिला चांगली दमेपर्यंत पळव आणि मग लगेच खायला घाल. पोट भरलं की ती अंग चाटत बसते आणि अंग चाटून झालं की झोपते. पहाटे ओरडली तर डोळे उघडू नकोस. एकदा उठून वाटी भरलीस की रोजचं झालंच समज. मला हे जमायला आठ दिवस लागले, पहिले तीन मी हरले. नखांची टोकं पंधरा दिवसांनी काप. पिसवांचं औषध महिन्यातून एकदा मानेवर लावायचं, आणि ते वाळेपर्यंत तिला अंथरुणात घ्यायचं नाही. चादर रविवारी गरम पाण्यात. पायथ्याशी तिची म्हणून एक शाल घडी करून ठेव, केस बरेचसे त्या शालीवरच राहतात. डाव्या कुशीवर झोपलीस तर ती गुडघ्यांमागच्या खोबणीत येऊन बसते. मग कूस बदलायची सोय नाही, हे आधीच सांगून ठेवते! तिला पांघरुणात गुंडाळू नकोस, धरून ठेवू नकोस. दार फटभर उघडं असू दे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "जायला वाट आहे हे कळलं की ती निवांत राहील."

हे ऐकून मी तिथेच बाकावर बसून राहिले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. पाणी दिलं.

गेली तीन पानं मी मांजराबद्दल लिहितेय. आता जे टाळतेय ते लिहिते.

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला यंत्र, त्यात दोन अनोळखी माणसांचं बोलणं. ऐकू आलं तरी ऐकलं नाही म्हणायचं, मध्ये बोलायचं नाही, हीच तिथली शिस्त. घरातही मी त्या शिस्तीच्या आड लपले. तुमच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत होती. तो तुला काय काय बोलायचा ते मला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. एका संध्याकाळी बोलण्याखेरीज आणखी एक आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला विचारलं, "काल भांडं पडलं का गं?" तू भाजी चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हो."

एवढा संसार केलेल्या बाईला भांडं कसं वाजतं ते कळत नाही होय? पण तुझं ते 'हो' मी अलगद झेललं आणि चहा गाळायला लागले. त्या सकाळी मला वाचवायला तू खोटं बोललीस. मला वाचवायला! आणि मी वाचले.

मागच्या महिन्यात तो आला होता. जेवून आडवं व्हायला म्हणून माझ्या खोलीत गेला, तर गादीवर वळकटी झोपलेली.

"आई, अंथरुणात मांजर? शी! हाकल तिला."

"राहू दे. ती तिची जागा आहे."

"मग मी कुठे पडू?"

"बाहेर सतरंजी घालते."

त्याला थट्टा वाटली. हसत हसत त्याने तिला मानेला धरून उचललं. ती ओरडली नाही गं. नुसती लोंबत राहिली, डोळे मिटून. मला एकदम तू दिसलीस.

"खाली ठेव," मी म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की शिंपीणबाईंचं मशीन थांबलं.

त्याने ठेवलं. म्हणाला, "एका मांजरासाठी तू माझ्यावर ओरडतेस?"

"मांजराला तरी आज वाचवता आलं. तिच्या वेळी मी भिंतीपलीकडे बसून सगळं ऐकलं आणि गप्प राहिले. तू तिला मारलंस. मला माहीत होतं."

तो पांढराफटक पडला. मग चपला घालून निघून गेला. त्यानंतर फोन नाही. पोटचा गोळा आहे, तुटतं आतून, खोटं कशाला सांगू? येईल तेव्हा जेवायला वाढीन. पण बोललेला शब्द परत घेणार नाही. त्या दिवशी दुपारीच मी झोपले, उठले ते दिवेलागणीला. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

हे सगळं 'मला माफ कर' म्हणून लिहिलेलं नाही. तुझ्या मनाला येईल ते कर, काहीच केलं नाहीस तरी चालेल. पण एक सांगायचं राहून जाऊ नये. जाताना तुझ्यापाशी माझ्यावर राग काढायला हवं तेवढं कारण होतं. तू फक्त म्हणालीस, "आई, हिला थंडी सोसत नाही," आणि तुझं म्हणून या घरात जे एकच होतं ते माझ्या हातात दिलंस. माझ्यावर तेवढा विश्वास ठेवावा असं मी तेव्हा काहीही केलं नव्हतं. त्या विश्वासावर मी ही दोन वर्षं काढली. तिला ऊब हवी होती आणि मला कुणीतरी घरात श्वास घेतंय हे ऐकायला हवं होतं. एरवी मी या भिंतींशी बोलायला लागले असते.

शनिवारनंतर पहिले काही दिवस जड जातील. जाऊ देत. दारातच टोपली तुझ्या हातात देईन आणि दुपारच्या बसने परत फिरेन. तू आत बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तरी मनात काही आणणार नाही.

पत्राच्या शेवटी मोठ्यांनी आशीर्वाद लिहायचे असतात. माझा हात धजत नाही. म्हणून आभार लिहिते, अनेक, अनेक आभार.

तुझी,
जिला तू इतकं होऊनही जाताना 'आई' म्हणालीस, ती