धक्क्यावरची सायकल

ता. १४, मंगळवार
बोटीच्या धक्क्यावरून

प्रिय दादा,

नमस्कार. मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवते आहे, तेव्हा पहिल्या चार ओळींतली काळजी तू इथंच मिटव. वहिनीला नमस्कार. पोरींना एकेक गालगुच्चा; मोठीला जरा जपून घे, ती चावते. आईचं मागाहून लिहिते.

तुझं पत्र मिळालं. लिहिलंयस, "भिंगरे, एका शब्दात कळव, परत येणार की नाही. पोरी आता आमच्या पायाशी मावत नाहीत. तुझी कॉट त्यांना द्यावी म्हटलं, तर आई हात लावू देत नाही. दर रविवारी चादर बदलते आणि म्हणते, ती येणार आहे." बरं, एक शब्द तर एक शब्द. पण आधी बेटांचं सांगते, नाहीतर राहून जाईल.

या शहरासमोर समुद्रात थोडी बेटं आहेत आणि त्यांच्यावर मोटार चालत नाही. स्कूटरसुद्धा नाही. मी सायकल बोटीत चढवते, तिकीटवाला तिचं अर्धं तिकीट फाडतो, म्हणजे सायकल हे लहान मूल झालं. मला वाटलं होतं, तिथं काय शांतता असेल! कसली शांतता घेऊन बसलास. हॉर्न नाही म्हणून माणसंच ओरडतात. आणि प्रत्येकाचं ओरडणं ठरलेलं. सुतार वळणावर शीळ घालतो, डॉक्टरीणबाई "बाजू, बाजू" करत येतात, पाववाला नुसता खोकतो. डोळे मिटून पायरीवर बसलं तरी कोण गेलं ते कळतं. मी अर्धी सकाळ तेच करत बसले.

मग मला प्रश्न पडला, हे लोक फ्रिज कसा नेत असतील? कुणाला विचारायला लाज वाटेना, पण उत्तरं सगळ्यांची वेगळी. शेवटी एक फ्रिज जातानाच दिसला. दोन सायकली शेजारी शेजारी, मध्ये फळी, फळीवर दोरखंडानं आवळलेला फ्रिज. एका सायकलवर नवरा, दुसरीवर बायको.

"अगं, किती जोरात मारतेस!"

"तुम्हीच मागं पडताय. जन्मभर तेच."

"फ्रिज माझ्याकडे कलतोय!"

"कलू दे. त्याला तरी तुम्ही आवडता."

त्यांच्या दारापर्यंत मी मागं मागं गेले. फ्रिज सुखरूप पोचला. भांडण अजून वाटेत होतं.

आणि एक गृहस्थ भेटले, त्यांची स्वतःची मोटार आहे! शहराच्या बाजूला, धक्क्याजवळ झाकून ठेवलेली. सुट्टीच्या दिवशी बोटीनं पलीकडे जातात, मोटारीत बसतात, काचा पुसतात, पेपर वाचतात आणि परत येतात. "चालवत नाही?" म्हटलं. तर म्हणाले, "कुठं जायचंय?" तू काय सांगितलं असतंस?

पण मला सांगायचंय ते परवाचं.

माझ्या मागच्या चाकाच्या तारा तुटल्या, म्हणून सायकल दुरुस्तीला टाकली आणि उरलेल्या एका बेटावर तशीच गेले. धक्क्यावर पत्र्याची शेड आहे, तिच्यात सायकलींची रांग. बोटीचा दोर बांधणाऱ्याला विचारलं, "यातली एखादी मिळेल का?" त्यानं वर न बघताच हात केला. "घे. संध्याकाळी आणून लाव." त्याच्या मनात होत्या कोपऱ्यातल्या दोन मोडक्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. हे मला मागून कळलं. मला एकच दिसली. खाऱ्या वाऱ्यानं बाकी सगळ्या गंजलेल्या, आणि ही मात्र लख्ख. साखळीला ताजं तेल, चाकांत पुरती हवा, सीटवर प्लास्टिक बांधलेलं. दादा, तूसुद्धा तीच घेतली असतीस. मी प्लास्टिक काढलं आणि निघाले.

लोक बघायला लागले. मला वाटलं, काय बाई प्रेमळ गाव! खिडकीतून कुणी हात केला, मीही केला. पुढं एक न्हावी हातात वस्तरा घेऊन दुकानाबाहेर आला, त्याच्यामागं अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक. "आला का?" न्हावी ओरडला. मी आपलं "हो, आले!" म्हणून पुढं. काय विचारतोय हे मनात घोळायच्या आत उतार लागला, आणि सायकल अशी सुटली की काय सांगू.

उताराच्या खाली एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. हात ओले, कोपरापर्यंत साबण. मी ब्रेक दाबला. ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या मागं बघत होती.

"तो मागून चालत येतोय का?"

"कोण?"

आता तिनं मला बघितलं. वरपासून खालपर्यंत. "तू त्याची बायको का गं?"

"अहो नाही, मावशी! मी कुणाचीच नाही." काय बोलून गेले बघ.

तेवढ्यात न्हावी धापा टाकत आला, मागोमाग ते गिऱ्हाईकही, आणि न्हाव्यानं उलगडा केला. शहरात जाणारा माणूस आपली सायकल त्या शेडमध्ये लावून जातो. आला की घेऊन जातो. त्यामुळे शेडकडे बघितलं की गावाला कळतं, कोण घरी, कोण बाहेर. ही मावशीच्या मुलाची. तो शहरात टॅक्सी चालवतो. गेला तेव्हा महिन्याभराचं सांगून गेला होता. त्याला आता कितीतरी महिने झाले, न्हावी म्हणाला, आणि गिऱ्हाईकानं गालावरचा फेस हातानं पुसला.

मला रडूच यायला लागलं. मी म्हटलं, "मावशी, आत्ता नेऊन लावते, चुकलं माझं." तिनं हँडल धरलं. म्हणाली, "लागली की आता चालायला. बस. चहा पी." आणि चहा टाकता टाकता विचारते काय, "चालते कशी?" इतके दिवस तेल घालतेय, पण तिला सायकल येतच नाही!

"छान चालते. फक्त जरा डावीकडे ओढते."

"तोपण तसाच," म्हणाली, आणि इतकी हसली की न्हावीही हसला.

माझ्यानं राहवलं नाही. विचारलं, "मावशी, त्यानं येत नाही म्हणून कळवलं तर?"

ती कपबशी पुसत होती. "तर रडेन. चांगली आठवडाभर रडेन. मग सायकल शेजारच्या पोरीला देईन, ती शाळेत पायी जाते." मग कपबशी ठेवली. "पण मेला 'येत नाही' म्हणत नाही ना. दर वेळी, पुढच्या महिन्यात."

चहा कसा होता ते मला आठवत नाही.

परत नेऊन सायकल होती तिथं लावली. प्लास्टिक पुन्हा बांधताना गाठ नीट बसेना. तेव्हापासून मी फिरलेच नाही. सायकल दुरुस्त होऊन आलीय, समोर उभी आहे, बोटीही सुटताहेत. मी कागद घेऊन बसलेय.

दादा, नाही. राहायला मी परत येणार नाही. हे मला कधीचं माहीत आहे. तरी दर पत्रात "बघू", "या कामातून सुटले की" लिहीत राहिले, कारण कुठंही निजले तरी मागं आपली कॉट आहे, तिच्यावर धुतलेली चादर आहे, हे मनाला बरं वाटायचं. पोरी पाय मुडपून झोपतात हे ठाऊक असूनही बरं वाटायचं. आज रात्रीपासून कॉट त्यांची. मोठीला भिंतीकडे निजव, धाकटीला ती ढकलून देईल, पण तेवढं चालायचंच.

आईला हे तू सांगू नकोस. तू समजावून सांगायला जाशील आणि तिला वाटेल, अजून पक्कं नाही. इथून पुढचा कागद तिच्या हातात दे आणि जरा दुकानात जाऊन बस.

आई, मी राहायला येणार नाही. तुझ्यावर राग नाही, घरावर नाही, मला एका जागी राहवत नाही एवढंच, आणि ते मी रांगत होते तेव्हापासून तू बघतेयस. भेटायला येईन, आधी दिवस कळवून, आणि खाली पोरींच्या शेजारी निजेन. माझी चादर त्यांना आखूड पडेल, वहिनीला नवी घ्यायला सांग. आता रड. दादा गप्प बस म्हणेल, त्याचं ऐकू नकोस. रडून झालं की मला चांगल्या सणसणीत शिव्या घालून पत्र लिही. धक्क्यावरच्या टपालकचेरीचा पत्ता पाकिटावर आहे. उत्तर येईपर्यंत मी हे गाव सोडत नाही.

तुझी, लांबूनच पण तुझी,
भिंगरी