टेकडीचा व्हॉल्व्ह

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, नगरपालिकेच्या पाणीखात्यातला निवृत्त चावीवाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. टेकडीचा व्हॉल्व्ह कुठे गाडला गेला ते आठवत नाही, असं मी लेकीला दोन वर्षं सांगतोय, ते खोटं आहे. खुलासा कलम चारमध्ये.

१. बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी. मुलगा बाविसाव्या मजल्यावर राहतो, तिथे टँकर येतो. तो टँकर कुठे भरतात, हे त्यानं एकदा तरी विचारावं.

२. व्हॉल्व्ह फिरवायची पाच फुटी लोखंडी चावी आणि जमिनीला टेकवून गळती ऐकायची सळई मुलीला. ती माझ्याच खात्यात अभियंता आहे. पुढे सगळे व्हॉल्व्ह मोबाइलवर फिरणार म्हणे. फिरोत बापडे. सळई तरी जपून ठेव.

३. "चावीवाला आम्हाला नकाशा शिकवणार का?" असं भर कचेरीत म्हणणारे साहेब माझ्या शोकसभेला आले तर बसू द्यावं. बोलू देऊ नये.

४. मी कामाला लागलो तेव्हा अख्ख्या गावात अकरा व्हॉल्व्ह होते. सकाळी निघालो की जेवायला घरी. निवृत्त झालो तेव्हा चारशे सहा. टेकडीवर त्या काळी शेळ्या चरायच्या, म्हणून तिकडची मोठी लाइन टाकून बंदच ठेवली होती. गावानं हातपाय पसरले, तसे मीही पसरले. गल्लीत सगळ्यांनी घरं पुढे ओढली, मी स्वयंपाकघर सहा फूट रस्त्यावर काढलं. व्हॉल्व्ह त्या फरशीखाली आहे.

मग टेकडीवर माणसं राहायला आली आणि माझी वाचा बसली. बोललो असतो तर अतिक्रमण म्हणून घरावर हातोडा आला असता. बायको म्हणायची, "अहो, सांगून टाका एकदाचं. गॅस मी मागच्या खोलीत मांडीन." मी ऐकलं नाही. ती गेली, त्याला सहा वर्षं झाली.

टेकडीवर बारक्या लाइनीतून दर तिसऱ्या दिवशी अर्धा तास पाणी येतं. बायका लेकीला नाही नाही ते बोलतात. परवा ती त्याच फरशीवर बसून रडली. "बाबा, थोडं आठवून बघा ना." मी म्हटलं, वय झालं गं. मला माझी लाज वाटते.

५. घर दोघांचं. मुलाला ते पाडून सात मजले चढवायचे आहेत, खुशाल चढवावेत. पुढची सहा फूट जागा रस्त्याची आहे, ती सोडावी.

६. कलम चार माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. मी आणखी दहा वर्षं जगलो तर टेकडीनं काय करायचं? उद्या सकाळी गवंडी फरशी फोडायला येतोय. लेकीलाही बोलावलंय. तिच्या तोंडावर हे सांगायला माझी जीभ रेटणार नाही, म्हणून पहार पडण्याआधी हा कागद तिच्या हातात देईन.

सही
(निवृत्त चावीवाला)

साक्षीदार:
१. गवंडी (ती फरशी यानंच बसवली होती)
२. समोरचा शिंपी

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ जून, रविवार